दाजी आणि मी टाकीत अडकलो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा हात जोडून, आणि तुझा हात पोचणार नाही इतक्या अंतरावरून, नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत? बाबा अजूनही रेडिओचा आवाज वाढवून वर आईलाच हळू बोल म्हणतात का? तुझी तब्येत ठणठणीत असणार याबद्दल मला शंका नाही, कारण इथून गेल्यापासून तू माझा फोन एकदाही उचललेला नाहीस, आणि एवढा राग धरून ठेवायचा म्हणजे अंगात चांगली ताकद लागते. इकडे आम्ही दोघेही मजेत आहोत. (मजेत म्हणजे, दाजींची दोन बोटं भाजली आहेत. वेल्डिंगने नव्हे, भाताच्या पातेल्याने. ज्या माणसाचा जन्म लोखंडाच्या ठिणग्यांत गेला, त्याने पातेलं फडक्याशिवाय उचललं. आणि तो भातही असा होता की मी तो वाढताना वेल्डिंगवरची खपली फोडायची चिपिंगची हातोडी मागितली.)

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. तू परत केव्हा येणार, किंवा येणार की नाही, हे विचारायला मी हे पत्र लिहीत नाहीये. नवरा-बायकोच्या भांडणात बायकोच्या भावाने नाक खुपसू नये एवढी अक्कल मला आहे. शिवाय ज्या वेल्डिंगवरून तू घर सोडून गेलीस ते माझ्याच हातचं असल्यामुळे मला बोलायला तोंडही नाही. हे पत्र फक्त झालेली हकीकत कळवावी म्हणून. यार्डात ती सगळ्यांना माहीत झालेली आहे, आणि कुणीतरी तिला तिखटमीठ लावून तुझ्यापर्यंत पोचवणार, त्याआधी ती माझ्याकडून कळलेली बरी. (तिखटमीठ मीही लावणार आहे, पण घरचं.)

तुझी बाजू मला पूर्ण पटते, हेही लिहून ठेवतो. दाजी लग्नाआधी कितीतरी वर्षं बोटीवर होते, आणि बोटीवर टेबल असो, कपाट असो, पलंग असो, सगळं बोल्टाने पक्कं केलेलं असतं, नाहीतर पहिल्या मोठ्या लाटेला ते तुमच्या अंगावर येतं. पुढे ते किनाऱ्यावर आले, जहाजं बांधणाऱ्या यार्डात फिटर झाले, तुझ्याशी लग्न केलं, पण त्यांच्या अंगातली बोट काही उतरली नाही. त्यांनी जेवणाच्या टेबलाला चारही बाजूंनी उभी पट्टी लावली, ताटं घसरू नयेत म्हणून. (दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून ताटं घसरून कुठे जाणार होती ते त्यांनाच ठाऊक. तुझं मनगट मात्र भाजी चिरताना रोज त्या पट्टीवर आपटायचं.) मग पलंग खिडकीच्या गजांना जोडला. मग भांड्यांची मांडणी दाराच्या लोखंडी चौकटीला. दाजी माप घेऊन तुकडा जुळवणार आणि मी तो जोडणार, यार्डात आमचं हेच चालतं, तेच घरात चाललं. आणि हे सगळं कुणाच्या घरात? तर तुझ्या. जिला आठवडा झाला की घरातलं सामान इकडचं तिकडे केल्याशिवाय चैन पडत नाही. लहानपणी शाळेतून आलो की आज माझा बिछाना कुठल्या भिंतीला आहे हे मला तुलाच विचारावं लागायचं. तरी तू पलंग सोसलास, मांडणी सोसलीस, टेबलाची पट्टी सोसलीस. पण शिलाई मशीन सोसली नाहीस, आणि ते बरोबरच होतं.

त्या दिवशी तू बाजारातून आलीस तेव्हाचा दाजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मशीनचा पाय खिडकीखालच्या लोखंडी पट्टीला जोडून, वर रंगाचा हात मारून, ते हात मागे बांधून उभे होते, बक्षीस समारंभाला उभं राहावं तसे. तू पिशवी ठेवलीस, मशीन सरकवायला हात लावलास, ती हलली नाही. पुन्हा ओढलीस. मग तू माझ्याकडे पाहिलंस. (तेवढ्यात मी जिना उतरायला सुरुवात केली होती, त्याबद्दल माफ कर.) "आता माझाही एक पाय भिंतीला जोडून टाका," असं तू म्हणालीस ते मला खालच्या पायरीवर ऐकू आलं. दाजींनी यावर काय उत्तर दिलं असेल? काहीही नाही. ते कधीच काही बोलत नाहीत. तू बॅग भरलीस तेव्हाही बोलले नाहीत, आणि तू गेल्यावर तर त्यांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवतो. भात मागायचा तर ते पातेल्याकडे बोट दाखवतात.

आता टाकीकडे येतो. तुला माहीत आहेच, पण आईला वाचून दाखवशील म्हणून सांगतो. जहाजाच्या पोटात तळाशी छोट्या छोट्या टाक्या असतात, ओळीने, एकीसारखी दुसरी. माणसाला त्यात वाकूनच काम करावं लागतं. काम चालू असताना आत-बाहेर करायला बाजूच्या भिंतीत एक तात्पुरतं दार कापलेलं असतं. काम संपलं की त्या दारावर प्लेट बसवायची, आतून वेल्डिंग करून ते कायमचं बंद करायचं, आणि मग छतात मॅनहोल असतं त्यातून वर निघून यायचं. आमच्या टाकीची ती शेवटची प्लेट बसवायची होती. वर मॅनहोल कापलं गेलंय का, एवढं एकच बघून यायचं होतं, आणि ते काम फिटरचं. दाजी वर जाऊन बघून आले आणि मान हलवली, म्हणजे कापलंय. ते खरंच कापलेलं होतं. फक्त ते शेजारच्या टाकीचं होतं.

ताई, ज्या माणसाचं माप आजवर केसभरही चुकलं नाही, ज्याच्यावर विसंबून मी डोळे मिटून रॉड लावतो, त्याने टाकी चुकावी यावरून तू काय ते समज. तू गेल्यापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर नाही. चहात मीठ घालतात. स्वतःचीच टोपी शोधत फिरतात, टोपी डोक्यावर असते.

तर दाजींनी प्लेट जुळवून धरली आणि मी वेल्डिंगला बसलो. आणि मी तुला सांगतो, त्या दिवशी हाताला जी लय लागली होती ती काही विचारू नकोस. खालून सुरुवात केली, वरपर्यंत एकसारखी ओळ, कुठे खड्डा नाही, कुठे फुगवटा नाही. वरची खपली हातोडी न लावताच सुटून आली. मी स्वतःशीच हसत होतो. शेवटचा रॉड संपवला, तोंडावरची काच वर केली, आणि तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. भोंगा झाला की मेन स्विच बंद होतो, त्यामुळे आमचा दिवा गेला. (हवेचा पाइप वेगळ्या लाइनवर असतो, तो चालू होता. भिंतीत पाइपासाठी ठेवलेलं वीतभर भोक आहे, हवा, केबल सगळं त्यातून आत येतं. तेव्हा आईला सांग, श्वासाची काळजी मुळीच नव्हती.) दिवा गेला की मॅनहोलचा उजेड दिसतो, त्या उजेडाकडे बघत आपण वर निघतो. मी वर बघितलं. काळोख. दाजींनी टॉर्च लावला, आणि आमच्या डोक्यावर, छताला, खडूने काढलेला एक सुरेख गोल दिसला. गोलाच्या मधोमध दाजींच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "येथे कापणे".

आम्ही दोघेही त्या गोलाकडे बराच वेळ बघत राहिलो. मग दाजी सावकाश माझ्या प्लेटकडे वळले. मीही वळलो. एवढं सुंदर वेल्डिंग मी आयुष्यात केलेलं नव्हतं, आणि आम्ही त्याच्या चुकीच्या बाजूला होतो. मला असं हसू फुटलं की हेल्मेट छताला लागलं. दाजी हसले नाहीत, त्यांनी हातोडी उचलली आणि भिंत ठोकायला सुरुवात केली. आता यार्डात ठोकून कुणाला हाक मारायची म्हणजे, बाजारात ओरडून लक्ष वेधून घेण्यातलाच प्रकार. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळेच ठोकत असतात, आणि जेवणाच्या सुट्टीत ऐकायला कुणी नसतं. आमच्या टाकीच्या दारावर राखण करायला जो माणूस बसवलेला असतो (त्याला सगळे डुलकी म्हणतात, कारण उघड आहे), त्याने दार बंद झालेलं बघितलं, म्हणजे आतले बाहेर आले असणार असा हिशेब केला, आणि तो सगळ्यांच्या पुढे कँटीनला पोचला. दाजी ठोकत होते, मी भोकाला तोंड लावून ओरडत होतो, आणि बाहेर शुकशुकाट. शेवटी दाजींनी हातोडी खाली ठेवली आणि आम्ही गुडघे पोटाशी घेऊन समोरासमोर बसलो. पाय लांब करायचा तर आधी समोरच्याची परवानगी घ्यावी लागत होती. पोटात कावळे ओरडत होते आणि डबे बाहेर.

आणि तिथे, ताई, दाजी बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं हवेच्या पाइपाचा आवाज आहे. त्यांनी विचारलं, "ती मशीन दुपारी गॅलरीत का न्यायची?" मी म्हटलं, उजेड तिकडे जातो म्हणून. ते म्हणाले, कुठे जातो? मी म्हटलं, गॅलरीत. सकाळी खिडकीत असतो, दुपारी गॅलरीत. मग त्यांनी विचारलं, "रोज?" मी म्हटलं, रोज. तुला हसू येईल, पण त्यांना खरंच माहीत नव्हतं. सकाळचा भोंगा व्हायच्या आत हा माणूस घर सोडतो, दिवे लागल्यावर परततो, आणि सुट्टीच्या दुपारी तोंडावर पेपर घेऊन झोपतो. स्वतःच्या घरात ऊन कुठे कुठे फिरतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मग ते म्हणाले की तूच एकदा म्हणाली होतीस, मशीन जोरात चालवली की थरथरते आणि कंबर भरून येते. तेवढं एकच वाक्य त्यांनी मनात धरलं होतं, आणि आपल्या परीने इलाज केला होता. तिला बरं वाटेल असं वाटलं, म्हणाले. आणि मग त्यांनी तोंड फिरवलं आणि ते रडले. मला काय करावं ते सुचेना. टाकीत उठून बाहेर जायचीही सोय नव्हती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाही भरून आलं. मला तुमच्या दोघांचंही फार वाईट वाटलं, हे सरळ लिहितो. (दाजी रडले हे मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नकोस.)

वातावरण फारच जड झालं म्हणून मी गाणं म्हणायला लागलो. माझ्या गाण्याबद्दल तुझं मत मला माहीत आहे, पण लोखंडी टाकीत कुठलाही गळा भारदस्त वाटतो. त्या गाण्यानेच आम्हाला वाचवलं. बाहेरच्या बाजूला रंग द्यायला आलेल्या रंगारीणबाईंनी ते ऐकलं, भोकाला कान लावला, आणि उरलेला डबा घेऊन परतलेल्या डुलकीला हाक मारून सांगितलं की आत कुणाचा तरी रेडिओ राहिलाय, आणि तो बिघडलाय. मी भोकातून हात बाहेर काढला. पुढे काय झालं ते आतून दिसलं नाही, पण बादली पडल्याचा आवाज आला, आणि नंतर कळलं की बाईंनी रंगाचा ब्रश फेकला तो डुलकीच्या डब्यात पडला.

मग सुपरवायझर आले. भोकाला तोंड लावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आम्ही जिवंत आहोत का हा नव्हे, तर वेल्डिंग पूर्ण झालं का हा. झालं म्हटल्यावर त्यांना आनंद झाला आणि मग ते रागावले. आता बाहेर काढायचं कसं? एक तर माझी प्लेट कापायची, नाहीतर वरचा गोल. मी आतून निक्षून सांगितलं की ही ओळ कापायची असेल तर मी बाहेर येत नाही, डबा भोकातून आत द्या. (डबा मावत नव्हता, बघितलं.) गोल तसाही कापायचाच होता, म्हणून तो कापायचं ठरलं. रंगारीणबाईंचे डबे लांब नेले, भोकातून भिजवलेलं गोणपाट आत ढकललं, ते पांघरून दाजी आणि मी पार कोपऱ्यात जाऊन बसलो. वर आधी गोलाला एक कडी जोडली आणि ती साखळीने धरली, कापलेली चकती आमच्या अंगावर पडू नये म्हणून, आणि मग गॅसवाल्याने ज्योत लावली. गोणपाटाखाली दाजी माझ्या कानात म्हणाले, गोल जरा डावीकडे जातोय. मी म्हटलं, दाजी, आज जाऊ दे.

आम्ही वर आलो तेव्हा अख्खं यार्ड जमलं होतं. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी पाइप बडवत होतं. सुपरवायझरांनी दाजींना चार शब्द सुनावले, ते त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतले, आणि मग पहिल्यांदाच अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. गेटवरच्या माणसाला ते भरदुपारी घरी निघालेले बघून इतका धक्का बसला की त्याने, कोण गेलं, म्हणून विचारलं.

संध्याकाळी मी घरी गेलो तर जमिनीवर सगळीकडे खडूच्या रेघा. पलंगाच्या कडेने, मांडणीवरून, गॅलरीपर्यंत चौकोनच चौकोन. मला वाटलं आता जमीनही कापणार. तर दाजी दुपारभर बसून ऊन जिथे जिथे पडलं तिथे तिथे त्याची चौकट आखत होते. फिटर माणूस, दुसरं काय करणार. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्राइंडर आणला, मशीनचा पाय मोकळा केला, आणि त्याखाली चाकं बसवली, पायाने अडकवायच्या खटक्यासकट. काम फक्कड झालंय. मशीन एका बोटाने सरकते आणि खटका दाबला की अजिबात थरथरत नाही. तिथे थांबले असते तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. पण दाजी एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागले की लागलेच. त्यांनी पलंग सोडवला, त्याला चाकं लावली, तीही बिनखटक्याची. मांडणी सोडवली, तिला चाकं. टेबलाची पट्टी काढली आणि टेबलालाही चाकं. आता तुमच्या खोलीची जमीन गॅलरीकडे जरा उतरती आहे हे तुला माहीत आहे का? मला नव्हतं. काल दुपारी मी पलंगावर जरा आडवा झालो तो खिडकीपाशी, आणि जागा झालो तो गॅलरीच्या दारात, शेजारच्या काकूंच्या तोंडासमोर. जेवायला बसलो की एकाने जेवायचं आणि एकाने टेबल धरायचं. दाजींना यात काही वावगं दिसत नाही. ते म्हणतात, तिला जे जिथे हवं ते तिथे नेता येईल.

तर ही झाली हकीकत. उत्तर पाठवायची मुळीच घाई नाही. आई-बाबांना नमस्कार सांग, बाबांना जरा मोठ्याने.

तुझा,
धाकटा

ता.क. दाजींनी पत्र वाचलं. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो तेवढ्यात वाचलं. ते रडल्याचा मजकूर खोडायला सांगत होते, डोळ्यांत धूर गेला होता म्हणे. मी खोडलेला नाही. हवा चालू होती हे मी वर लिहिलेलंच आहे.

ता.क. दुसरं. तू परत येणार की नाही हे विचारायला पत्र लिहीत नाही, असं सुरुवातीला लिहिलंय ते साफ खोटं आहे. त्यासाठीच लिहिलं. ताई, ये. तुझ्याशिवाय त्या घरात नुसतं सामान फिरतंय. दाजींना हे विचारता येत नाही, त्यांच्या ओठापर्यंत येतं आणि तिथेच राहतं, म्हणून मी विचारतोय. आणि तू नाही म्हणालीस तरी तो तुझा हक्क आहे, मी तुझ्यावर रागावणार नाही.

ता.क. तिसरं आणि शेवटचं. पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. पोस्टाचा भरवसा दाजींना वाटेना, म्हणून आम्ही सकाळच्या पहिल्या बसने स्वतःच घेऊन आलो. हे मी आई-बाबांच्याच घराच्या जिन्यात बसून लिहितोय. आई भाजी घेऊन वर निघाली आहे, तिच्या पिशवीत टाकतो, तिला सगळं सांगितलंय. दाजी रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी उभे आहेत. इस्त्रीचा शर्ट घातलाय, इस्त्री त्यांनीच केली आहे, तेव्हा पाठीकडे बघू नकोस. तू बोलावल्याशिवाय वर यायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, मी खूप समजावलं पण ऐकत नाहीत. ऊन चढत चाललंय. वाचून झालं असेल तर खिडकीत ये.